खोबरेल चावतं

शिक्रापूरला खोली बघायला गेले तेव्हा मामीनं मला नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. उंबऱ्यावर उभी राहून तिनं एकच गोष्ट विचारली.

"घरात तेल कंचं खाता?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "रिफाइंड."

तिनं जरा वेळ माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग आत तोंड करून सुनेला हाक मारली, "अगं, हिला कोपऱ्यातली खोली दाखव. रिफाइंडवर वाढलीय बिचारी." मला ती खोली मिळाली ती अशी, दयेपोटी.

मामी म्हणजे आमची घरमालकीण. तिच्या नवऱ्याला सगळे भाडेकरू मामा म्हणत, म्हणून ही मामी. मी यायच्या आधीच मामा गेले होते, नातं तेवढं मागे राहिलं होतं. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणायचे, पण आठवणीत ती 'ती'च आहे. हमरस्त्याच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या खोल्यांची रांग, मधे सगळ्यांचा मिळून एक नळ, टोकाला मामीचं घर आणि घरामागे तिची शेड. रस्त्यावर दिवसभर ट्रक चाललेले, त्यामुळे आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. त्यात मामीचा आवाज जन्मजात मोठा. ती सुनेला 'मीठ दे' म्हणाली तरी गल्लीला कळायचं की आज आमटी अळणी झाली आहे.

तिच्या शेडमध्ये तेलाचे डबे मांडलेले असत. शेंगदाणा, तीळ, जवस, एरंडेल आणि सगळ्यात पुढे करडई. करडईचं तेल तिच्या माहेरचं. भांडगावला तिच्या भावाचा लाकडी घाणा होता, तिथून डबा यायचा, आणि तो आला की मामी घरात पाहुणा आल्यासारखी लुगड्याचा पदर सारखा करायची. या तेलांचा ती साबण करायची. घाण्याच्या तळाला जो गाळ राहायचा त्याचा साबण तिचे वडील करायचे, ते बघून ती शिकलेली. गाळावरून ती चांगल्या तेलावर आली आणि मग तिला थांबवणारं कुणी उरलं नाही.

तेल ओळखायची तिची एक रीत होती. थेंबभर तेल डाव्या हाताच्या पाठीवर घ्यायचं, डोळे मिटायचे आणि जिभेनं चाटायचं. मग निकाल. "जे तोंडात घालवत न्हाई ते अंगाला कशापायी चोळायचं?" हे तिचं म्हणणं. दुकानदाराच्या डब्याचं झाकण न विचारता उघडून ती चाटून बघायची, आणि दुकानदार दुसरीकडे बघत उभे राहायचे. एकदा कवठे येमाईला कुणाच्या तरी लग्नात ती मलाही घेऊन गेली होती. पंगत बसलेली, आणि ही बाई उठून थेट आचाऱ्याच्या मांडवात. चाटलं. परत आली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात मला म्हणाली, "जुनं तेल नव्यात मिसळलंय. तू भज्याला हात लावू नको." पंगतीतल्या कुणीच मग भज्याला हात लावला नाही. मुलीचा बाप तिच्यापुढे येऊन उभा राहिला, त्याच्या मिशा थरथरत होत्या. मामी शांतपणे त्याला म्हणाली, "तुमचा काय दोष न्हाई आप्पा. तुम्हाला फसवलं." तिचं खरं होतं की खोटं, देव जाणे. पण त्या गावात आम्हाला पुन्हा कुणी लग्नाला बोलावलं नाही.

माणसंही ती तेलावरूनच मोजायची. शेजारचा एक फोरमन तिच्या लेखी पामतेल होता: थंडीत घट्ट, ऊन पडलं की पातळ. मामांना ती एरंडेल म्हणायची. "जाडं, सावकाश चालणारं. पर थोडं तरी लागतंच, त्याच्याबिगर फेस टिकत न्हाई." एवढं बोलून ती उगाच डबे पुसत बसायची. स्वतःच्या मुलाला सरकीचं तेल म्हणायची, कशातही मिसळा, आहे की नाही ते कळत नाही. तो बिचारा हसायचा आणि शिफ्टला निघून जायचा. मी अर्थातच रिफाइंड. आणि सुनेला ती करडई म्हणायची. आल्या-गेल्याला सांगायची, "ही करडई हाय माझी." तिच्या तोंडून याहून मोठी पदवी मी कधी ऐकली नाही.

भाडेकरू गावाला निघाले की इतर घरमालकिणी पेढे आणायला सांगतात. मामी बाटलीभर तेल आणायला सांगायची. ज्याच्या गावात जे तेल, ते. बिहारचा एक वेल्डर आमच्या रांगेत राहायचा, त्यानं सरसोंची, म्हणजे मोहरीच्या तेलाची, बाटली आणली. मामीनं चाटलं आणि तिच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. "हे तेल भांडतंय," ती म्हणाली, पण खूश होती. त्याचा साबण करून, महिनाभर वाळवून तिनं त्याच्या हातात वडी ठेवली. त्यानं नाकाला लावली आणि तो पायरीवर बसून राहिला. ती वडी त्यानं कधी पाण्यात घातली नाही. कामावर जाताना खिशात घेऊन जायचा. मामी विचारायची, "नहाया क्या?" तो म्हणायचा, "नहाने में खतम हो जाएगा, अम्मा."

आता खरं सांगायचं तर मामीचा साबण चांगला नव्हता. मऊ असायचा, बोटं रुतायची. अंगाला लावला की फेस असा येतच नसे, आणि आंघोळ करून बाहेर आलं की आपल्याला कुणीतरी फोडणी देऊन ठेवलंय असं वाटायचं. आमच्या बोअरच्या जड पाण्यात तर तो नुसता दह्यासारखा फुटायचा. याचं कारण तिचं माप. साबणाला तेल लागतं आणि कास्टिक सोडा लागतो. पाण्यात कास्टिक विरघळवून ते निवू द्यायचं, तेलात ओतायचं आणि घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं, एवढाच खेळ. मामीकडे कास्टिकसाठी दांडा तुटलेला एक कप होता. एक डबा तेलाला तो एक कप. तेल कुठलंही असो, कप तोच, आणि तो जरा कमीच भरायची. त्यामुळे तिच्या साबणात थोडं तेल नेहमी तेलच राहून जायचं. पण एक आहे, त्या साबणानं कधी कुणाच्या अंगाची आग झाली नाही.

वहिनी, म्हणजे मामीची सून, दौंडची. वडील रेल्वेत, स्वतः बारावी सायन्स. ती सासूच्या हाताखाली साबण शिकली आणि वर्षभरात सासूच्या पुढे गेली. तिनं मोबाइलवर बघून बघून बारकावे काढले, डिजिटल वजनकाटा आणला, नाकाला मास्क लावून काम करायला लागली. मी कंपनीत मोजमाप तपासायच्या खात्यात होते, म्हणून ती मला हौसेनं समजावून सांगायची.

"प्रत्येक तेलाची भूक वेगळी असते बघा. खोबरेल खूप कास्टिक खातं. करडई त्याच्या मानानं कमी. ज्याला जेवढं लागतं तेवढंच मोजून द्यायचं."

"आणि जास्त झालं तर?"

"मग ते साबणात तसंच राहतं. कातडी जाळतं."

मामी शेजारी शेंगा फोडत बसलेली असायची. हे तिच्या कानावर पडत नव्हतं असं नाही, पण मोबाइलमधून आलेलं काही ऐकायचं नाही असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. तरी दोघींचं भांडण मापावरून कधी झालं नाही. झालं ते खोबरेलावरून. वहिनीचं म्हणणं, इथल्या पाण्याला फेस हवा असेल, वडी टणक हवी असेल, तर खोबरेल पाहिजेच. सोबत मऊपणाला शेंगदाणा आणि फेस धरून ठेवायला थोडं एरंडेल. मामी म्हणायची, "खोबरेल केसाला. अंगाला लावलं की कातडं वढतं. फेस म्हंजी नुसता दिखावा." वहिनी हसून सोडून द्यायची. तिच्या वड्या पांढऱ्या, कडक, नाण्यासारख्या वाजणाऱ्या निघायच्या. गल्लीतल्या बाया मामीसमोर मामीच्या वडीचं कौतुक करायच्या आणि जाताना वहिनीकडची मागून न्यायच्या. मामीला ते दिसत होतं. तिला राग येतो की अभिमान वाटतो, ते तिचं तिलाच कळत नसावं.

मग वहिनीला पुण्यातून एक काम आलं. बाळंतविडा तयार करून विकणारं एक दुकान होतं: टोपरं, दुपटी, बाळंतिणीची साडी असं टोपलीत सजवून देणारं. त्यांना त्यात घालायला घरी केलेला, वास नसलेला साबण हवा होता. वहिनीनं दिलेली नमुन्याची वडी त्यांना आवडली. पहिली मोठी खेप नीट गेली तर दर महिन्याला काम मिळणार होतं. वहिनीला आपल्या हाताचं काहीतरी उभं करायचं होतं, कंपनीच्या गेटवर रांगेत उभं राहायचं नव्हतं. हे ती मला कितीदा तरी बोलली होती. त्या दिवसांत ती चालायचीसुद्धा वेगळी.

वड्या करायच्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती, म्हणून मीही शेडच्या दारात बसले होते. वहिनीनं कास्टिक मोजून पाण्यात घातलं आणि निवायला ठेवलं. तेलं मोजून झाकून ठेवली. तेवढ्यात नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी आलं की हातातलं सगळं टाकून पळावं लागतं. वहिनी हंडा घेऊन पळाली, मी बादल्या घेऊन पळाले. परत आलो तर मामीनं सगळी तेलं मोठ्या पातेल्यात एकत्र करून ठेवली होती.

"म्या वतून ठिवलंय," ती म्हणाली. "तू हलव आता."

वहिनीनं मास्क वर ओढला, कास्टिकचं पाणी ओतलं आणि ढवळायला घेतलं. मामी शेजारी उभी राहून बघत होती. दोघींना असं एकत्र काम करताना बघून मला बरं वाटलं होतं, हे मला अजून आठवतं.

महिनाभर वड्या फळीवर वाळल्या. पाठवायच्या आदल्या दिवशी वहिनीनं नेहमीप्रमाणे एक वडी घेऊन स्वतःच्या कोपरापासून मनगटापर्यंत लावली. थोड्याच वेळात तिनं हात झटकला आणि पाण्याखाली धरला. हातावर लाल चट्टा उठला होता. तिनं दुसरी वडी घेतली, तिसरी घेतली. सगळ्या तशाच. मग ती खाली बसली आणि मोबाइल काढून गणित करायला लागली. पुन्हा केलं. पुन्हा केलं. उत्तर तेच येत होतं. मला म्हणाली, "काटा खराब असंल." साखरेचा बंद पुडा आणून काट्यावर ठेवला. काटा बरोबर होता. ती त्या पुड्याकडे बघत बसली.

मामीनं एक वडी उचलली आणि तिच्या सवयीप्रमाणे जीभ लावली. लगेच तोंड फिरवून थुंकली. तिचा चेहरा मी बघितला; तो मला तेव्हा चटका बसलेल्या माणसाचा वाटला, दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं. मग ती म्हणाली,

"खोबरेल चावतं. म्या सांगत नव्हते?"

ते गल्लीनं ऐकलं. कसं ऐकणार नाही? दुसऱ्या दिवशी नळावर तेच चाललं होतं. खोबरेलाचा साबण भाजतो, मामी आधीच सांगत होती, मामीला यातलं कळतं. शिकलेल्या सुना मोबाइल बघून करायला जातात, असंही कुणीतरी बोललं. वहिनी हंडा भरून घेऊन गेली. दुकानाला तिनं स्वतः फोन करून सांगितलं की माल बिघडला, मी देऊ शकत नाही. तान्ह्या बाळांचा प्रश्न होता, पुन्हा संधी द्या असं म्हणायची तिची हिंमत झाली नाही. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या सरकीच्या तेलानं, तिची समजूत घातली. "जाऊ दे, न्हाई जमत तर. एवढं काय त्यात?" या वाक्याएवढं तिला दुसरं काही लागलं नसेल.

त्या वड्यांनी मामीनं पुढे कितीतरी दिवस मोरी घासली. मोरी लखलखीत निघायची. वहिनीनं वजनकाटा खोक्यात घालून माळ्यावर टाकला आणि एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनीवर लागली, त्याच गेटवरच्या रांगेत. माझं लग्न होऊन मी शिरूरला गेले. नंतर कळलं, मामीच्या मुलाला कुरकुंभच्या कारखान्यात काम मिळालं, तो आणि वहिनी दौंडला राहायला गेले. मामी एकटी राहिली.

गेल्या हिवाळ्यात शिक्रापूरला काम निघालं म्हणून मी गल्लीत डोकावले. शेडमध्ये कुणीतरी मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान घातलं होतं. तेलाच्या डब्यांत कोरफड लावलेली. मामी पायरीवर बसली होती, वाळून अर्धी झालेली. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही, पण 'रिफाइंड' म्हणाली नाही. चहा केला. गल्लीत नवीन कोण आलंय ते मी विचारलं, तर म्हणाली, "कोण कोण हायती. मी इचारत न्हाई आता."

आणि मग, मी कप खाली ठेवते न ठेवते तोच, तिनं विचारलं, "तू मोजामापाचं काम करायचीस. मला सांग, माझ्या करडईनं कवा कुणाचं कातडं भाजलं का गं?"

"नाही, मामी."

"मंग त्याच टायमाला का भाजलं?"

मला कळेना ती काय म्हणते आहे. म्हटलं, "कुठल्या वेळी?"

"त्या बाळंतविड्याच्या वड्या. त्यात खोबरेल नव्हतंच, पोरी. तुम्ही पाण्याला गेला तवा म्या ते काढून ठिवलं आन् तेवढंच भांडगावचं करडईचं वतलं. तान्ह्या लेकराच्या अंगाला खोबरेल लावायचं माझ्या मनाला पटंना. म्हटलं, पयलीच खेप हाय, चांगलं जाऊ दे. तिचंच नाव व्हईल."

समोरून एक कंटेनर गेला, तो पुढे गेल्यावर मी म्हटलं,

"आणि मग तुम्ही म्हणालात, खोबरेल चावतं."

"जिभंला चटका बसला आन् तोंडातनं निघून गेलं. रोजचंच वाक्य, सवयीनं आलं. एकदा समद्या गल्लीनं ऐकलं, मंग मागं कसं घ्यायचं? आज सांगू, उद्या सांगू करत ती दौंडला गेली." मग तिनं पुन्हा विचारलं, "पर भाजलं का? करडई भाजत न्हाई."

मी तिला समजावून सांगितलं. तुमचा कप लहान, म्हणून तुमच्या साबणात तेल जास्त राहायचं, कास्टिक कधी उरायचं नाही. वहिनीचं माप काटेकोर, पण ते खोबरेलाच्या भुकेचं. त्या मापात तुम्ही कमी भुकेचं तेल घातलं. त्यानं खाल्लं तेवढं खाल्लं, बाकीचं कास्टिक तसंच राहिलं. तुमचं तेल आणि तुमचा कप असता तरी काही झालं नसतं. तिचं तेल आणि तिचं माप असतं तरी काही झालं नसतं.

"म्हंजी माझं तेल बी बरोबर," मामी सावकाश म्हणाली, "आन् तिचं माप बी बरोबर."

"हो."

ती हाताच्या पाठीकडे बघत बसली. मला तिची दया आली आणि तिचा रागही आला, आणि राग जास्त होता. चांगलं करायला गेली हे मला पटत होतं. पण नंतरच्या प्रत्येक दिवशी ती सून हिच्यासमोर वावरत होती, हिनं वाढलेलं जेवत होती, शिफ्टहून येऊन हिचे पाय दाबत होती, आणि या बाईच्या तोंडून चार शब्द निघाले नाहीत. लग्नाच्या मांडवात परक्या आचाऱ्याचं तेल खोटं आहे हे सांगायला हिला क्षणभर लागला नव्हता.

मी म्हटलं, "मामी, फोन लावते वहिनीला. आत्ता सांगा."

तिनं नाही म्हटलं नाही. मी फोनचा आवाज मोठा करून तिच्यासमोर धरला. वहिनी आता दौंडला एका कापडाच्या दुकानात कामाला होती, दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मामीनं आधी नातवंडांची चौकशी केली, खोकल्याची केली, दौंडला थंडी किती पडली आहे ते विचारलं. मग एकदम म्हणाली, "त्या वड्यांत तेल म्या बदललं व्हतं. खोबरेल काढून करडई वतली."

मग वहिनी बोलली, अगदी हळू.

"मामी, काटा मी साखरेच्या पुड्यावर तपासला, तवा तुम्ही तिथंच बसला होता."

"व्हय."

"इथं दुकानात मी कापड मोजत नाही. फाडायचं असलं की दुसऱ्या बाईला बोलावते. मालकाला वाटतं मला कात्री चालवता येत नाही. मला वाटतं, माझ्या हातानं चुकणार."

मामी फोनच्या जवळ वाकली. म्हणाली, "तुझं गणित बरोबर व्हतं गं."

"हे मला सांगून काय उपयोग, मामी? मला आता कुठं साबण करायचाय? तुम्ही गल्लीला सांगितलं होतं ना, मग गल्लीला सांगा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

मामी उठली. भिंतीला धरून उठली, चप्पलही घातली नाही. नळाला पाणी आलेलं होतं, बाया हंडे-बादल्या घेऊन उभ्या होत्या. ती त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि आपल्या त्या जुन्या मोठ्या आवाजात म्हणाली, "माझ्या सुनेचं गणित बरोबर व्हतं. तेल म्या बदललं. खोबरेलाचा काय दोष नव्हता."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एकजण म्हणाली, "क्या हुआ अम्मा? पानी चाहिए?"

मी त्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. कुणी ओडिशाची, कुणी बिहारची, एक यवतमाळकडची नवी नवरी. ज्यांनी तेव्हा ऐकलं होतं, ज्यांनी नळावर वहिनीला ऐकवलं होतं, त्यांच्यातली एकही तिथे नव्हती. कंपन्या बदलल्या, खोल्या बदलल्या, सगळे कुठल्या कुठे निघून गेले होते. या बायांना मामीला सून आहे हेही ठाऊक नव्हतं.

मामीला ते कळलं की नाही, सांगता येणार नाही. तिनं घसा साफ केला आणि हिंदीत सुरुवात केली. "मेरे सून का हिसाब बराबर था. तेल मैंने बदल्या."

"अच्छा, अम्मा," ती बाई समजुतीनं म्हणाली, आणि तिनं आपली बादली नळाखालून बाजूला सरकवून मामीला जागा करून दिली.

माझ्या हातातला फोन चालूच होता. वहिनीनं विचारलं, "कोण कोण आहे तिथं?"

"सगळ्या नव्या आहेत, वहिनी," मी म्हटलं. "आपल्या वेळचं कुणी नाही."

तिनं फोन ठेवला नाही. नळावर मामी रिकाम्या हातांनी उभी होती आणि त्या बायांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली होती.